इतर

खिंडीपाड्याच्या वरच्या अंगाला
पायऱ्या संपतात तिथून माझी हद्द सुरू होते.
दोनशे चाळीस घरं. हा आकडा जुन्या रजिस्टरचा.
टॅबमध्ये एकशे नव्वदच दिसतात,
बाकीची नकाशात झाडीखाली गेलीत.

एकवीस वर्षं मी चित्रांचा तक्ता खांद्याला लावून फिरले.
कापडी पाठीचा, वर लाकडी पट्टी, पंधरा पानं.
पान चार : गोरी बाई, गुलाबी पोट,
पोटात मूल असं निवांत
जणू नऊ महिन्यांचं भाडं आगाऊ भरलंय.
बायका हसायच्या. हसल्या की मग विचारायच्या.
अंगावरून जातं, हे कुणी आल्या आल्या बोलत नाही.
आधी दुधाचा भाव निघतो,
मग सासूचा गुडघा,
मग मी उठता उठता, दाराच्या कडीला हात लावून,
"ताई, एक होतं..."
ते 'एक' ऐकायला
रोज दोन कप चहा जास्तीचा प्यायलेय.

आता तक्ता बंद. ट्रेनिंगला सांगितलं,
व्हिडिओ दाखवा, दीड मिनिटाचा.
दार उघडलं, टिक. व्हिडिओ पाहिला, टिक.
कार्ड काढायचं तर ओटीपी जातो
कलावतीच्या नवऱ्याच्या फोनवर,
नवरा भिवंडीच्या गोदामात, फोन दिवसभर लॉकरमध्ये.
तोवर कलावतीला नंबर नाही,
आणि नंबर नाही तोवर ती आजारी नाही.

खोटं कशाला बोलू, चांगलंही आहे.
दिवाळीत रशिदाच्या टीबीच्या गोळ्या संपल्या,
सेंटरला साठा नव्हता,
मी लाल खूण केली तर चौथ्या दिवशी वॉर्डातून फोन.
पूर्वी अर्ज जायचा
आणि पेशंटच्या आधी दमायचा.

पण तक्रारीच्या रकान्यात चारच शब्द :
ताप. खोकला. वजन घट. इतर.
'जीव घाबराघुबरा होतो.' इतर.
'बाप घरी आला की पोरगी रात्री दात खाते.' इतर.
'काही नाही ताई, तुम्ही नुसत्या बसा.' इतर.
महिनाअखेर मॅडम म्हणाल्या,
तुमच्याकडे इतर फार येतं, जरा बघा.

बघते म्हणाले.

तक्ता जमा करायचा होता. पावती कुणाकडेच नव्हती,
म्हणून तो राहिला रशिदाच्या पोटमाळ्यावर.
परवा गेले तर
पत्र्याच्या फटीतली तिरीप अडवायला
तिनं पानं सुटी करून खळीनं चिकटवलेली.
चार नंबरची गोरी बाई फोडणीच्या धुरानं
आता आमच्यातली दिसते.
आणि पान नऊ, फुप्फुसं,
बरोबर पोरांच्या उशाच्या वर.
सुफियान, वय सात, बोट ठेवून धाकटीला सांगत होता,
"ये वाला छोटा. दिल बाजू में रैता ना,
उसको जगा देना पडता."
मी हे कधी शिकवलं? आठवेना.
दहा बाय दहात सहा जण झोपतात ते,
त्याला शिकवावं लागलंही नसेल.

टॅब काढला. परत पिशवीत ठेवला.
चहा घेतला, बिनसाखरेचा मागितला
तशी रशिदानं एकदा वर पाहिलं,
बोलली काही नाही.
निघताना कडीला हात माझा होता.
पायात चप्पल आहे की नाही
ते हल्ली मला खाली बघून कळतं.
"रशिदा," म्हटलं, "एक होतं..."

तिनं शेगडी पुन्हा पेटवली.