संबोधन

शब्दाच्या डोक्यावर एक चांदणी:
*मेद्वेदि.
चांदणी म्हणजे, हा लिहिलेला कुणी पाहिला नाही.
नातवंडांच्या तोंडावरून पणज्याचं नाक ताडावं
तसा ताडलाय.
मेदु म्हणजे मध. उरलेला तुकडा, खाणारा.
मध खाणारा. अस्वल.

चोपड्यात लाइट गेलेली.
केळीच्या बिलामागं मी रूपं मांडतोय:
अस्वलाचं, अस्वलाला, अस्वलात
सगळ्यांना शेवटची इ लांबवायची, बस्स.
मेद्वेदी.
हाक मारायलाही तेच रूप.
पण हाक कोण मारणार?

दित्या आलाय मधाची बाटली घेऊन.
डाव्या गालावर चार रेघा,
त्या बाजूचा डोळा कायम अर्धा झोपलेला.
बाजाराची अहिराणी बोलतो माझ्याशी:
‘काय लिखी ऱ्हायनात, सर?’

सांगतो त्याला.
थंड मुलखातली माणसं, बर्फाची रानं.
नाव घेतलं की येतो, म्हणून खरं नाव टाकून दिलं.
म्हणाले, मध खाणारा.
मग वापरून वापरून हेच खरं झालं,
ह्याचीच भीती वाटू लागली बहुधा.
पोलंडात म चा न झाला: न्येज्व्येज्.
युक्रेनात तुकड्यांनी जागा बदलल्या: वेद्मिद्,
चकव्यातून सुटायला सदरा उलटा घालावा तसा.
रशियात मेद्वेद्, जवळपास जसाच्या तसा.
तिथली माणसं धीट असतील, किंवा आळशी.

दित्या हसत नाही.
‘आन् खरं नाव?’

ते आपल्याकडं राहिलं.
ऋक्ष होतं, झिजून रीस झालं,
जुन्या कोशात सापडतं अजून.
मी तोंड उघडतो,
तो हात आडवा धरतो.
‘लेवानं नई, सर. रात शे.’

मग स्वतःच सांगत बसतो.
डगलावाला म्हणतो त्याला.
पहाटेचा अंधार, मोहाखाली फुलांचा सडा,
हा ओणवा, वेचत वेचत मागं सरकतोय,
पलीकडून तोही तसाच.
पाठीला पाठ लागली.
‘त्यालेबी भ्याव वाटनं व्हई,’ म्हणतो,
आणि गालावरून बोट फिरवतो,
वहीची ओळ वाचावी तसं.

लाइट येते. बाटलीच्या बुचाला मुंग्या.
षष्ठी लिहिली, चतुर्थी, सप्तमी.
संबोधनाच्या रकान्यात
नुसती चांदणी ठेवली.

दित्या दारातून मागं वळतो:
बाटली रिकामी झाली की ठेवा,
फेकू नका.