कान

सात नंबरचा पंप आज जड बोलतोय, म्हटलं.
मोझा बिंत सैफ म्हणाली, जड म्हणजे किती?
तिच्या टॅबलेटात 'जड'ला रकाना नाही.

एकतीस वर्षं मिना अल फहलला
लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानाला.
बाणकोटला बाप असाच
वल्हं पाण्यात सोडून दांड्याला कान लावायचा.
घोळ कुठं आहे ते त्याला जाळ्याआधी कळायचं.

फाटकावर नवा फलक लागलाय :
देश यापुढे विहिरींवर नाही, डोक्यावर चालणार.
बरंच आहे.
हिच्या आजानं खजूर मोजले, बापानं बॅरल,
ही माझं ऐकणं मोजते.

पंपाच्या अंगाला चार सेन्सर,
गुळाच्या खड्याएवढे.
'उस्ताद, परत सांगा.'
सांगतो : घशात कफ अडकल्यासारखा.
ती टिपते : बेअरिंग, पंधरा दिवस.

माझा व्हिसा मार्चपर्यंत.

काल पाळी सुटल्यावर ती मागे राहिली.
टॅबलेट ठेवला, स्क्रूड्रायव्हर मागितला.
ऐकू येत नाही, म्हणाली.
श्वास धरून ठेव, म्हटलं.
मग बराच वेळ
दोघांपैकी कुणीच सोडला नाही.