वास उठला की उतरव

नळाच्या ओट्यावर घसरले, उजवं मनगट मोडलं.
त्याच दवाखान्यात, त्याच बाकावर
धाकट्या भावाचा दंड आवळून डॉक्टरांनी
पारा चढताना पाहिला.
एकाच रिक्षातून घरी आलो :
माझ्या हाताला प्लॅस्टर, गोलकच्या हातात चिठ्ठी.
तेल चमचाभर. मीठ मोजून. हलकं खा.

"अपा, हलकं म्हणजे काय?"
म्हटलं, दालमा. दुसरं काय!
मी विधवा होऊन परत आले तेव्हापासून
दर गुरुवारी तेच तर जेवतोयस.

आता कटकच्या गल्लीत जन्मभर चांदीची तार ओढलेला माणूस
विळीवर बसला तर भाजी कशी चिरेल, सांगा.
कच्च्या पपईच्या पाकळ्या केल्या,
केळ्याचे काप इतके पातळ, की पलीकडची मी दिसावी.
"अरे, नथ घडवायची नाहीये!
जाड चीर. अळकुडी तर अर्धीच कर,
भोपळा सालासकट, तो विरघळतो मेला."
मीठ त्यानं दुकानातल्या काट्यावर तोललं,
पारड्यावर फुंकर मारून.

मग मूगडाळ. कोरड्या कढईत, मंद आचेवर.
मी पाटावरून सांगितलं, वास उठला की उतरव.
तो हलवत राहिला.
वास उठला. खरपूस झाला. मग करपट.
तो हलवतच राहिला,
इतक्या निष्ठेनं, की मला ओरडायलाही उशीर झाला.

काळी डाळ पाहून म्हणाला,
"तू तर वास म्हणाली होतीस."

तेजाबाच्या वाफा. चौदाव्या वर्षी बाबांनी बसवलं भट्टीशी.
कधी गेला, ते कळलंच नाही म्हणे;
एकदा तुंबलेल्या नालीपाशी सगळे नाक दाबून उभे होते
आणि हा मजेत पान खात होता, तेव्हा कळलं.

अकरा वर्षं मी दारातच विचारलंय त्याला,
काय रे, कसा सुटलाय वास?
अकरा वर्षं तो चप्पल काढता काढता म्हणालाय,
गल्लीच्या तोंडापासून येतोय, अपा.

मी पदरानं नाक पुसलं. धुराचं निमित्त होतंच.

दुसरी मूठ घातली.
म्हटलं, रंग बघ. पिवळा मोडतो, मग लाली येते,
त्या लालीच्या अलीकडे…
"डाग देताना तार जशी होते?" त्यानं विचारलं.
"वितळायच्या एक श्वास आधी?"
मला काय ठाऊक तारेचं.
पण त्यानं उतरवली, तेव्हा बरोबर तीच घटका होती.

फोडणीला तर मी लागलेच नाही.
डोळे मिटून ऐकत होता : मोहरी उडाली.
जिरं चुरचुरलं. मेथी काही बोलत नाही, ती काळी व्हायच्या आत
डाळ ओतायची, हे त्यानं शेजारच्या खोलीत बसून
कधी पाठ केलं होतं, देव जाणे.
वर खोबरं, भाजल्या जिऱ्यामिरचीची चिमूट.

मी डाव्या हातानं चमचा धरून जेवले.
मीठ कमीच होतं. बोलले नाही.
"तुला कसा लागतो रे?"
विचार करून म्हणाला, "गरम. भोपळ्यापाशी गोड.
शेवटी जिभेला थोडं टोचतं."
आणि पुन्हा वाढून घेतला.

इतक्यात वरच्या मजल्यावरून अन्नदा ओरडली,
"दालमा केलात की काय?"
गोलक उष्ट्या हातानंच उठून खिडकीपाशी गेला.
"हो! कुठपर्यंत येतोय?"
"जिन्यापर्यंत!"

तो वळला, मला सांगायला,
जसं काही मी ऐकलंच नव्हतं :
"जिन्यापर्यंत."