समुद्राइतकं

रात्री साडेअकराला सुटते प्रेमिलाची दुसरी पाळी.
सातपूरच्या कारखान्यातून बस येईपर्यंत
माझ्याकडे एक तास, एक पातेलं
आणि भद्रकालीतून आणलेली अर्धा किलो कोळंबी,
जिचा बर्फ कसारा घाट चढतानाच निम्मा गळून गेलेला.

सोलायला शिकलोय आता.
डोकं पिरगाळून काढायचं, पाठीवर सुरी टेकवून
काळा दोरा ओढायचा,
तुटला तर शिवी न देता पुन्हा शोधायचा.
पहिल्यांदा मी टरफलं कचऱ्यात टाकली
तेव्हा बादलीपाशी उभी राहून ती म्हणाली,
"चव सगळी फेकलीस की रे."

म्हणून आधी टरफलं उकळतात.
पाणी नारिंगी होतं.
त्यात निफाडहून भावाने दिलेली
विरळणीत खुडलेली हिरवी द्राक्षं, मूठभर, ठेचून.
(हे तिच्या माहेरी सांगायचं नाही.)
समोरच्या बोरस्ते काकू खिडकी लावून घेतात,
कडी जरा जोरातच.

मग मिठाचा प्रश्न.
"पाणी समुद्राइतकं खारट हवं," एवढंच तिचं माप.
मी गंगापूरच्या कालव्यात पोहायला शिकलेला माणूस.
किती चमचे, विचारलं
तर म्हणते, समुद्र काय चमच्याने भरतात?
मूठ टाकतो, ढवळतो, चाखतो. नाही.
अजून अर्धी मूठ. नाही.

सातपाटीला, लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात,
फोटोसाठी मी समुद्राकडे पाठ करून उभा होतो,
गुडघाभर पाण्यात, नवी पँट दुमडून.
लाटेनं उताणा पाडला.
नाकात, घशात, कानात पाणी.
तिचे भाऊ होडीला धरून हसत होते.
तिने आधी हात दिला,
मी नीट उभा राहिलो हे बघितलं,
मग हसली, सगळ्यांत जास्त.

डोळे मिटून चाखतो.
नाकाच्या मुळाशी काहीतरी चुरचुरतं. बास.

एक दणदणीत उकळी. गॅस बंद. मगच कोळंबी आत.
झाकण ठेवून शंभर आकडे, घाई न करता.
अर्धी वळली की काढायची,
पुरतं वेटोळं झालं की रबर.

ती आली. चप्पल काढायच्या आधी
एक उचलून उभ्यानंच चावली.
मी उगाच फडकं पिळत राहिलो.
"खाडी झालीय," म्हणाली, "समुद्र नाही अजून."
आणि दुसरी उचलली.