कानामागे

स्वान्सीच्या न्यायाधिकरणात पत्रं पाठवायचं काम माझं.
समुद्राकडची एक खिडकी, अर्धवट तापणारा हीटर,
आणि एक शब्द, जो मी दर आठवड्याला टंकतो:
अन्यथा.

ग्लिन प्रॉसर यांना मी चार पत्रं पाठवली.
हॉटेलांच्या चादरी धुणारी त्यांची लाँड्री.
तिथं मेरेरिड टकर नऊ वर्षं घड्या घालत होती.
तिला ऐकू येत नाही.
तिनं एक दिवा मागितला होता,
आगीची घंटा झाली की लुकलुकणारा.
किंमत नव्वद पौंड. दुकानही तिनंच शोधून दिलं होतं,
कात्रण टाचून.

दिवा आला नाही. तक्रार आली:
हाक मारली तर ओ देत नाही.
मग शेवटचा पगार, पाकिटात, दोन दिवस कापून.

पहिलं पत्र: कागदपत्रं द्या, चौदा मार्चपर्यंत.
प्रॉसरनी कानामागे टाकलं.
दुसरं: साक्षीदारांची निवेदनं द्या.
कानाडोळा.
तिसऱ्यानंतर त्यांचा फोन आला, मागे यंत्रं घरघरत होती,
"असलं काही मला मिळालंच नाही."
कानांवर हात.
न ऐकण्यासाठी माणसाला किती कान लागतात!

चौथं पत्र तीन ओळींचं.
शुक्रवारी दुपारी चारपर्यंत, अन्यथा.
त्या शुक्रवारी मी चारनंतरही थांबलो, का ते माहीत नाही.
दारातून आत पडलं ते एका पिझ्झावाल्याचं पत्रक.
सोमवारी टंकलं:
प्रतिवादीचं म्हणणं रद्द.

सुनावणीला मात्र ते आले.
नवा टाय, जाडजूड फाइल,
तिला तीन रंगांच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या.
न्यायाधीशबाई म्हणाल्या, "बसा. पण तुम्हाला बोलता येणार नाही."
"अहो, पण माझी बाजू..."
"ती मागितली होती. चार वेळा."

मग मेरेरिड बोलली, दुपारपर्यंत, हातांनी.
दुभाषी मुलगी शेजारी बसून
ते हात आमच्यासाठी शब्दांत उतरवत होती.
दिव्यापाशी पोचल्यावर मेरेरिडनं नुसती मूठ उघडली, मिटली,
उघडली, मिटली.
दुभाषी गप्प राहिली.
कुणी अर्थ विचारला नाही.

प्रॉसरचे ओठ एकदा हलले. बाईंनी पाहिलं. थांबले.

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, थोडं.
पण त्या फाइलीत काय होतं
ते आता कुणी वाचणार नाही.
असेलही त्यात एखादा खरा कागद,
एखादी तारीख, जी त्यांच्या बाजूनं बोलली असती.
ती त्यांनीच पुरली, आमच्या पाकिटांच्या ढिगाखाली.

रक्कम ठरली. अजून भरलेली नाही, असं ऐकतो.
पुढचं काम वसुलीवाल्यांचं.
ते पत्रं पाठवत बसत नाहीत,
दार वाजवतात.

आज प्रकरण तळघरात ठेवायला नेताना
सगळ्यात खालचा कागद हाती आला.
दावा दाखल झाला त्या दिवशी
मी मेरेरिडला फोन लावला होता.
सोळा वेळा वाजू दिला.
अर्जावर पहिल्याच पानावर, ठळक, तिनं लिहिलं होतं
की फोन करू नका.
मी ते पान उलटून पुढं गेलो होतो.
आणि समासात टिपण, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात:
दावेदार प्रतिसाद देत नाही.