बेचाळिसावी खळी

नकाशात एक्केचाळीस जोडण्या.
लाल शाईतले आकडे, खाली कुणाची तरी लफ्फेदार सही,
साल एकोणीसशे तेवीस.

पोर्तोच्या या उतारावर खोदायचं नाही, असं ठरलं होतं.
ग्रॅनाइटचे दगड एकदा उचलले की परत तसे बसत नाहीत,
आणि बेकरीवाल्या ऑर्लांदूने पहिल्याच बैठकीत बजावलं:
धूळ उडाली तर पाव तुमच्या ऑफिसात येऊन भाजीन.

म्हणून खड्डे दोनच.
एक वर, चर्चपाशी. एक खाली, नदीकडे.
मधलं सगळं पोटातून.
फुटपाथच्या कडेला निळी तात्पुरती नळी,
दारादारात वाकून शिरलेली,
गल्लीला सलाईन लावावं तशी.
पोरं तिच्यावर तोल सावरत शाळेत जायची.

कुठेतरी पाणी मुरतंय, हे सगळ्यांनाच माहीत होतं.
कुठे, ते आदेरीतूला कळायचं.
रात्री अडीचला लाकडी काठी रस्त्याला टेकवून
दुसरं टोक कानाशी धरायचा.
आता डावा कान गेलाय.
काठी उजव्याला लावतो,
आणि माझ्या पडद्याकडे बघतच नाही.

मी गाडीत बसून. हातात दोन दांडे.
आत, अंधारात, माझं चाकांचं यंत्र.
बिडाचा नळ आतून असा दिसतो हे कुणी सांगितलं नव्हतं:
गंजाच्या गाठी, तपकिरी, फुगलेल्या,
वाट मुठीएवढी उरलेली.
एवढ्यातून शंभर वर्षं चहा उकळला, बाळं न्हाली.

खरवडून काढलं. मग ती ओली, चिकट बाही
मोज्यासारखी उलटी करत आत ढकलली.
साप कात टाकतो; हा म्हातारा
आतून कात नेसला.
रात्रभर गरम पाणी फिरवलं.
सकाळी नळ कडक, पांढरा, आणि मुका.
सगळी घरं बंद.

पण जिथे जिथे घर होतं
तिथे त्या पांढऱ्या कातडीला
गालावर पडावी तशी खळी.
खळी शोधायची, कापायची, पुढे जायचं.
सतरा नंबर उघडला तेव्हा वर कुणी तरी
व्हॅक्यूम क्लीनर लावला होता, एवढंच ऐकू आलं.

मोजल्या. बेचाळीस.
पुन्हा मोजल्या.

सव्वीस आणि अठ्ठावीसच्या मध्ये घर नाहीच.
भिंत आहे, आणि भिंतीतून निघालेलं अंजीर,
ऑगस्टमध्येसुद्धा हिरवंगार,
ज्याकडे आम्ही दोन आठवडे फक्त सावली म्हणून पाहिलं.

अठ्ठावीसची देओलिंदा चपला घालून खाली आली.
तिथे झुल्मिरा राहायची, म्हणाली,
हॉटेलांच्या चादरी धुवायची. घर पाडलं,
तेव्हा माझ्या पोटात थोरला होता.
नळ कापायला कुणी आलंच नाही.

मी आदेरीतूकडे पाहिलं.
तो काठीचं टोक रुमालाने पुसत होता.
तीस वर्षं ऐकतोय तिथला आवाज, म्हणाला.
लिहिला नाही.
का, ते मी विचारलं नाही.
त्यानेही, माझ्या माहितीत, कधी सांगितलं नाही.

ऑफिसातून फोन: नकाशात नाही ना, मग उघडू नका.
बरोबरच होतं. दर तीन लिटरांतला एक लिटर
अशाच कुणाकुणाच्या नावाने जमिनीत जातो.
यंत्र त्या खळीपाशी जरा वेळ उभं राहिलं,
म्हणजे मीच उभं केलं.

मग एक्केचाळीस घरांना पाणी सोडलं
आणि बेचाळिसाव्यावर पाणी सोडलं.

निळी नळी गुंडाळली. ऑर्लांदूने सगळ्यांना पाव दिले,
पैसे मात्र घेतले.

नंतर एकदा, सप्टेंबरात, पाऊस नव्हता,
झडप तपासायला संध्याकाळी तिकडे गेले होते.
आदेरीतू चढ चढत येत होता, थांबत थांबत.
हातात काठी नव्हती.
बादली होती, हिंदकळून अर्धी झालेली.