हातचे साडेतीन

पिठाच्या गिरणीचे हिशेब आटोपले
की एइमुंतास स्वयंपाकघरातल्या टेबलावर
अख्खा युरोप पसरतो.
स्पेन सगळ्यात वर, त्याबद्दल घरात वाद नाही.
तुर्कस्तान, इटली, ग्रीस यांची
दर हिवाळ्याला ढकलाढकली.
जर्मनी गेली काही वर्षं
मोजे घालून जिना चढतेय.
आणि लिथुआनिया: अठ्ठावीस लाख माणसं,
त्यांतली निम्मी प्रशिक्षक,
उरलेली पंच.

आमचा क्लब पार लाटव्हियाच्या सीमेला टेकलेला.
नदी गोठली तर ती बातमी,
एरवी चेंडू हीच.
एइमुंतासच्या वहीत आम्ही एकशे सदतीस.

"पद्धत सोपी आहे," असं तो म्हणतो
आणि मग पाऊण तास समजावतो.
बलाढ्याला हरवलंत तर ओंजळभर गुण,
दुबळ्याला हरवलंत तर चिमूटभर,
दुबळ्याकडून हरलात तर आपलेच खिसे झटकून द्यायचे.
गेल्या हंगामाचं अर्धंच धरायचं,
त्याच्या आदल्याचं पाव,
त्याहून जुनं सोडून द्यायचं.
(हे गणित मला
घटस्फोटाच्या वेळी कुणी शिकवलं असतं तर!)

लीगचं वजन वेगळं.
तिचे क्लब परमुलखात काय दिवे लावतात
त्यावरून ते ठरतं.
म्हणजे राजधानीतल्या त्या तोऱ्यातल्या क्लबानं
अथेन्समध्ये मार खाल्ला
की इथे बाकावर बसलेला आमचा पोरगाही
दशांशानं वाळतो.
आणि सगळ्यात वरच्या स्पर्धेत
काही खुर्च्यांवर आधीच रुमाल टाकलेले.
गुण जमवत बसा.

यादविगा कोर्ट पुसते, बत्तीस वर्षं.
पाहुण्यांच्या बाकामागची खिडकी
तीच उघडी ठेवते, बाहेर उणे चौदा असताना,
"हवा खेळती हवी" म्हणून.
पाहुण्यांच्या नळाला गरम पाणी
यायचं तेव्हा येतं.
शेवटच्या मिनिटाला ती बादली पालथी घालते
आणि फरशीच्या ब्रशच्या दांड्यानं
असा ठोका धरते
की फ्री थ्रो टाकणाऱ्याचं कोपर
त्याचं स्वतःचं राहत नाही.

एकदा चहाचा पेला ठेवताना
तिनं वहीवर ओलं बोट ठेवलं.
"हे काय, घरच्या प्रत्येक सामन्यात साडेतीन वजा?"
"घरच्या मैदानाचा फायदा.
तो काढून टाकला की खरी ताकद कळते."
"काढून टाकायचा?"
"हिशेबापुरता."
ती त्या आकड्याकडे बघत राहिली,
शाळेच्या जुन्या फोटोत
आपली वेणी शोधावी तशी.
"म्हणजे साडेतीन ही मी," म्हणाली,
आणि बादली उचलून गेली.

जानेवारीत ती बर्फावरून घसरली. खुब्याचं हाड.
नवा पोरगा कामसू आहे,
खिडकी लावून घेतो, पाणी तापवून ठेवतो.
घरी ओळीनं चार सामने हरलो,
त्यातला एक दोन गुणांनी, एक तिनांनी.
एइमुंतास रोज रात्री साडेतीन वजा करत राहिला.
"एका माणसासाठी सूत्र बदलत नाही," म्हणाला,
पण पेन्सिल उलटी धरली होती,
खोडरबर खाली.

काल इस्पितळातून फोन आला.
मी घड्याळाच्या वायरी गुंडाळत होते,
चोवीस सेकंदांचं ते घड्याळ माझं काम.
"आकडा काय?"
"एकशे एकेचाळीस."
"म्हणजे चढलो का उतरलो?"
मी तोंड उघडणार,
तेवढ्यात पलीकडून ठोका सुरू झाला,
लोखंडी पलंगावर, बहुधा चमच्यानं,
आणि त्यावर नर्सचा आरडाओरडा.
मी फोन स्पीकरवर टाकला
आणि पाहुण्यांच्या रिंगकडे
हात उंच करून धरला.